खाडीकाठच्या बागेसमोरची वाघीण

माझी सारी उमर आगगाडीच्या खात्यात गेली. तिथे जे कागदावर असते ते असते, आणि जे कागदावर नसते ते नसते. अशा माणसाला भूत, मुंजा, चकवा यांच्यासाठी सवड नसते, आणि मलाही ती कधी नव्हती. घरात कोणी तसले काही सांगू लागले तर मी उठून ओटीवर जाऊन बसत असे. या सदरात आजवर आलेले अनुभव मी वाचले आहेत आणि त्यांतले निम्मे मला खरे वाटलेले नाहीत. माझा अनुभव कोणाला खरा वाटला नाही, तरी माझी तक्रार नाही.

पण यात एका माणसाबद्दल जे लिहिले आहे, तेवढे मात्र खरे मानावे. तो माणूस म्हणजे जोमा — ठाण्याच्या मीठबंदरच्या फाट्यावरचा सांधेवाला. त्याच्या नावावर एक खोटी गोष्ट तेहेतीस वर्षे चिकटून राहिली आहे, आणि ती मी चिकटवली.

त्या काळी अमेरिकेतली लढाई नुकतीच संपली होती. लढाई होती तोवर इकडच्या कापसाला विलक्षण मागणी होती, आणि तो मुंबईला न्यायला आगगाडीच्या कंपनीने वाघिणी वाढवल्या होत्या. (मालाच्या बंद डब्याला आम्ही वाघीणच म्हणतो.) लढाई संपली, कापसाचा भाव पडला, आणि वाघिणी रिकाम्या झाल्या. त्या ठेवायच्या कुठे? ठाण्याच्या स्टेशनातून एक फाटा चेंदणीच्या अंगाने मीठबंदरापर्यंत जात असे. त्याच्यावर एकीच्या पाठीला एक लावून बावीस वाघिणी उभ्या केल्या.

नेमकी तिथेच, आदल्या वर्षी, गावच्या मंडळींनी लोकांना हवा खायला म्हणून बाग केली होती. बाग कसली — भेंडीची दहा-बारा झाडे, तांबड्या मातीची वाट आणि पाण्याकडे तोंड करून मांडलेली पाच लाकडी बाके. पण बसल्या जागेवरून भरतीचे पाणी दिसे, मिठाचे मचवे दिसत, पलीकडे कळव्याच्या बाजूची तिवरे दिसत. फाट्याचे रूळ बाके आणि खाडी यांच्या मधून जात होते. कधीमधी मिठाची गाडी जाई, तिचा कोणाला त्रास नव्हता. आता बाकावर बसले की समोर बावीस वाघिणींची भिंत. गंजलेल्या पट्ट्या, उडालेला रंग, फळ्यांच्या फटींतून लोंबणारा काळा पडलेला कापूस. वारासुद्धा अडला.

नाना म्हणून एक पेन्शनर होते. कचेरीत अव्वल कारकून होते, त्यामुळे अर्ज लिहिण्याचा हात अजून थांबला नव्हता. दुपार कलली की छत्री घेऊन ते मधल्या बाकावर येऊन बसत, आणि मी दिसलो की सुरू होत.

"काय केशवराव, तुमच्या वाघिणी इथे बाळंतपणाला आल्यात की काय? महिने किती झाले?"

"नाना, मी साधा नंबर घेणारा कारकून. वाघिणी माझ्या नव्हेत."

"मग नंबर घेता तसा एकदा निरोपही घ्या की त्यांचा!"

लोक त्या वाघिणींत शिरू लागले. कोणी दुपारी झोपायला, कोणी नको त्या कामाला. बागेत घाण सुटली, नानांचा अर्ज गेला, आणि वरून हुकूम आला — प्रत्येक वाघिणीच्या दाराला बाहेरून खिट्टी घालायची, खिट्टीला सुतळी बांधायची, गाठीवर लाखेचे सील मारायचे. कारकुनाने रोज बावीसही वाघिणी पाहून रजिस्टरात लिहायचे: पाहिली, रिकामी, सील ठीक. स्टेशनमास्तरच्या लेखी हुकुमाशिवाय सील तोडणाऱ्याला नोकरीवरून कमी करण्यात येईल.

आता माझी कबुली. मी त्या वाघिणी पाहत नव्हतो. पहिले आठ-दहा दिवस पाहिल्या. मग वाटले, उभ्या वाघिणीचा नंबर काय रातोरात बदलतो? रजिस्टराची पाने मी घरी नेऊ लागलो आणि पुढच्या आठवडाभराच्या नोंदी एका बैठकीत लिहून टाकू लागलो. हे मी एकटाच करत होतो असे नाही. आमच्यात याला 'घरचा अभ्यास' म्हणत. पाहिली, रिकामी, सील ठीक. बावीस वेळा, मग पुन्हा बावीस वेळा. लिहिताना मनात दुसरेच काही चाललेले असे.

फाट्याच्या तोंडाशी जोमाची झोपडी होती. झोपडी कंपनीची, नोकरीबरोबर मिळालेली. जोमा मूळचा बाळकुमचा, आगरी, मिठागरात वाढलेला. पायांच्या भेगा मिठाने पांढऱ्या झालेल्या त्या कायमच्याच. उंच, बोलायला कमी. त्याची बायको चांगुणा बोलायला भरपूर. जोमाचे काम सांधा सांभाळायचे. सांधा म्हणजे जिथे एका रुळावरून दुसऱ्यावर गाडी वळते ती जागा. तिथला रूळ सरकतो आणि फटीत पाय असला तर पाय जातो. म्हणून खात्यातला माणूस त्या फटीत चुकूनही पाय ठेवत नाही, वरून टांग टाकून जातो. मीसुद्धा तसाच जाई. नोकरीत आल्या दिवशी मला ते जोमानेच शिकवले होते.

चैत्रातली गोष्ट. नानांच्या चौथ्या का पाचव्या अर्जाने वरचा साहेब स्वतः पाहणीला येणार असे कळले. माझी गाळण उडाली. म्हटले, निदान एकदा तरी सगळ्या वाघिणी खरोखर पाहून घ्याव्यात. सकाळी दहाच्या सुमारास लाख, सुतळी, काडेपेटी आणि शिक्का पिशवीत घालून मी फाट्यावर गेलो. शिक्क्यावर माझा आकडा होता — सात. असा शिक्का ठाण्यात एकच होता आणि तो माझ्यापाशी असे.

पहिल्या तेरा वाघिणी ठीक होत्या. चौदाव्या वाघिणीचे सील नव्हते. सुतळी लोंबत होती, खिट्टी निघालेली. दार ओढले, आत डोकावलो. कोपऱ्यात कापसाचा एक ढीग होता आणि त्याच्याआड कोणी निजले असेल असे वाटले. म्हणून वर चढलो. कोणी नव्हते.

दार लागले.

वाऱ्याने लागले असेल, असे मी आजही धरून चालतो. पण वारा खिट्टी घालत नाही. लोखंडावर लोखंड सरकल्याचा आवाज मी ऐकला. मग सुतळी ओढल्याचा. आणि मग... लाख तापल्याचा वास आला. तो वास मी झोपेतही ओळखीन. माझी पिशवी माझ्या खांद्याला होती, शिक्का पिशवीत होता. मी हात घालून चाचपला. होता.

"जोमा! अरे थट्टा पुरे झाली!"

मी दार बडवले. बुक्क्या मारल्या, लाथा घातल्या, घसा फुटेस्तो ओरडलो. काय झाले होते कोण जाणे, माझा आवाज मलाच नीट ऐकू येत नव्हता. कापसात तोंड खुपसून बोलावे तसा तो जागच्या जागी जिरत होता. फळीवर मारलेली लाथसुद्धा गादीवर मारल्यासारखी वाटे.

बागेच्या अंगाला दोन फळ्यांमध्ये बोटभर फट होती. तिला डोळा लावला की मधले बाक समोर दिसे, दहा पावलांवर. तेवढ्या फटीवर मी दिवस काढला. लोखंडी छप्पर तापत गेले. कापसाचे तंतू नाकात, घशात जात होते. खोकलो की आणखी उडत. धोतर, कोट, पागोटे सगळे भिजून अंगाला चिकटले. लोक येत होते. दोन कोळणी टोपल्या टेकवून बसल्या, अगदी माझ्याकडे तोंड करून. त्यांच्या नजरा सरळ माझ्या डोळ्यावर होत्या. मी ओरडत होतो आणि त्यांतली एक दुसरीला सांगत होती की सुनेला पापलेट नीट कापता येत नाही. जरा वेळाने त्या टोपल्या उचलून गेल्या.

बाराच्या सुमारास स्टेशनची घंटा झाली आणि कल्याणकडून मालाची जादा गाडी आली. गाडी आली की मी हजर राहून तिच्या एकूण एक वाघिणीचा नंबर घ्यायचा असे. मला रडू कोसळले. जीव जाईल याची भीती वाटायला हवी होती. पण खरे सांगतो, तेव्हा मला एकच वाटत होते — मी जागेवर नाही आणि आता माझ्या नावापुढे तसे लिहिले जाईल.

तिसऱ्या प्रहरी नाना आले. छत्री मिटली, बाक पंच्याने झटकले, बसले. मी फटीला तोंड लावून हाका मारल्या. ते तपकीर ओढत वाघिणींकडे तिरस्काराने पाहत राहिले. आणि मग त्यांचा चेहरा उजवीकडे वळला, कोणी ओळखीचे येताना दिसावे तसा.

"काय केशवराव, आज एवढ्या उन्हातान्हात? साहेब येणार म्हणून का?"

"हो ना नाना. आलीया भोगासी."

तो आवाज माझा होता.

माणूस आपला आवाज बाहेरून कधी ऐकत नाही, तेव्हा मी कसा ओळखला, असे कोणी विचारील. मी आवाज ओळखला नाही. मी बोलणे ओळखले. नानांना टाळायचे असले की मी जसे बोलतो, तसे ते बोलणे होते. मग वाघिणीच्या फळीवर टकटक झाली. तीन वेळा, बोटाच्या पेराने — वाघीण न उघडता पाहायची माझी तऱ्हा. पहिली, दुसरी... टकटक एकेक वाघीण जवळ येत होती. फटीतून मला फक्त एक बाही दिसली. काळ्या कोटाची, कोरडी, इस्तरीची. हातात कागद, कानावर शिसपेन्सिल असावी, कारण हात वर गेला आणि पेन्सिल घेऊन खाली आला.

माझ्या वाघिणीवर टकटक झाली. मी आतून दोन्ही मुठींनी, डोक्याने, सगळ्या अंगाने फळी बडवली.

नानांनी मान वर केली. "आत काही आहे का हो?"

बाही क्षणभर थांबली.

"छे. रिकामी आहे."

पेन्सिल कागदावर फिरली आणि टकटक पुढच्या वाघिणीवर गेली. मी खाली बसलो. त्यानंतर मी ओरडलो नाही. ओरडून काय करायचे होते? ज्याने ऐकायला हवे होते त्याने ऐकले होते.

किती वेळ गेला सांगता येत नाही. नाना निघून गेले होते. बाहेर पावले वाजली, अनवाणी, आणि दारापाशी थांबली. सुतळीला कोणी हात लावला.

"आत कोन हाय?"

मी म्हटले, "मी." घशातून नीट निघालेही नाही. पण जोमाने ते ऐकले. दिवसभरात पहिल्यांदा माझा शब्द कोणाला ऐकू गेला.

"मी म्हंजे कोन?"

"केशव. कारकून."

मग जोमा हळू म्हणाला, "कारकून आत्ता माझ्यासमोरनं ठेसनात गेले. सांध्यात पाय घातला त्यांनी. मी वरडलो, पाय! तं माझ्याकडं बघून हसले. तुमी कंदी सांध्यात पाय घालत नाय... मना काय ते बरं नाय वाटलं, म्हनून बघत आलो."

"जोमा, दार उघड."

"तुमी खरे का ते खरे?"

मला उत्तर देता आले नाही. खरेच आले नाही. तेव्हा तो म्हणाला, "कोनबी असा. आत मानूस मरंल," आणि त्याने सील तोडले.

उजेड डोळ्यांत सुईसारखा शिरला. जोमाने हात दिला. माझ्यापेक्षा तो भ्याला होता, आणि तरी त्याने दार उघडले होते. मला सावरत झोपडीपर्यंत नेले. चांगुणेने माझ्या डोक्यातला कापूस पाहिला आणि म्हणाली, "अगो बाय, काय झालं? गादीत निजलेलात का काय?" तिने मडक्यातले पाणी दिले आणि मी ते घटाघटा प्यायलो. माझ्या जातीच्या माणसाने त्या झोपडीतले पाणी पिणे म्हणजे त्या काळी काय होते, हे जुन्या वाचकांना सांगायला नको. ते तिला माझ्याआधी कळले. तिने तांब्या पाठीमागे लपवला आणि म्हणाली, "आमी कोनाला नाय सांगनार."

मी स्टेशनात गेलो. स्टेशनमास्तर गोरा होता, स्वभावाने वाईट नव्हता. त्याने इंग्रजीत विचारले, "इतक्यात परत? आत्ताच तर घरी जातो म्हणालास." आणि माझ्या कपड्यांकडे पाहून, "कुठे पडलास का?"

टेबलावर रजिस्टर उघडे होते. आलेल्या जादा गाडीच्या सव्वीस वाघिणींचे नंबर माझ्या अक्षरात लिहिलेले होते. पुढे मी ते गार्डाच्या यादीशी ताडून पाहिले, एकही चुकला नव्हता. आठवड्याच्या आरंभी मी घरी केलेल्या नोंदी होत्याच. पण त्या दिवसाच्या बावीस ओळींखाली पुन्हा बावीस ओळी होत्या, वेळ घालून, सगळ्या माझ्या हातच्या. चौदावीपुढे: पाहिली. रिकामी. सील ठीक. शेवटच्या ओळीवर बोट टेकले तर शाई बोटाला लागली.

दुसऱ्या दिवशी जोमा म्हणाला, "सायेबाला सांगा, सील मी तोडलं ते. तुमी सांगितलं का काय नाय व्हनार."

"सांगतो," मी म्हणालो. सांगितले नाही. तसे पाहिले तर दोन मिनिटांचे काम होते. शिक्का माझ्यापाशी होता, नवे सील मारून मोकळा झालो असतो. पण त्या वाघिणीजवळ जायला माझे पाय वळेनात. रोज उद्यावर टाकत गेलो, आणि साहेब आला.

पाहणीला नाना आणि गावातले आणखी दोघे बरोबर होते. चौदाव्या वाघिणीपाशी साहेब थांबला. खिट्टी मोकळी, सीलचे तुकडे खडीवर पडलेले. त्याने एक उचलला. त्यावर सात स्वच्छ दिसत होता. तिथेच, त्या मधल्या बाकावर बसून, त्याने चौकशी सुरू केली. साहेबाला मराठी येत नव्हते आणि जोमाला इंग्रजी. दुभाषा म्हणून मी उभा राहिलो.

"हे कोणी तोडले?"

"मी तोडलं," जोमा म्हणाला. "कारकून आत व्हते. मेले असते."

मी ते जसेच्या तसे इंग्रजीत सांगितले. साहेब हसू लागला. त्याने रजिस्टर मागवले, त्या दिवसाचे पान काढले, वेळा पाहिल्या. स्टेशनमास्तरला विचारले. तो म्हणाला, कारकून दिवसभर माझ्या नजरेसमोर होता. नाना म्हणाले, "मी स्वतः इथे बोललो यांच्याशी. याच बाकावर."

साहेब माझ्याकडे वळला. "तू त्या वाघिणीत होतास?"

हो म्हटले तर रजिस्टर खोटे. रजिस्टर खोटे म्हटले की मागची पाने निघणार, आणि मागची पाने खरोखरच खोटी होती. नाना समोर होते. झोपडीतले पाणी गावभर झाले असते. किंवा वेड्यांच्या इस्पितळात रवानगी. हे सगळे मी एका क्षणात मोजले. ज्या माणसाने मला बाहेर काढले तो माझ्या शेजारी हातभर अंतरावर उभा होता, त्याला त्या मोजणीत जागा नव्हती.

"नाही साहेब. मी कामावर होतो."

उत्तर इंग्रजीत दिले, पण जोमाला ते कळले. त्याने माझ्याकडे पाहिले. रागाने नाही, निरखून पाहिले. मग म्हणाला, "मंग मी काढला तो कोन व्हता?"

साहेबाने विचारले, "काय म्हणतो?"

आणि मी सांगितले, "दारूच्या नशेत चूक झाली म्हणतो. माफी मागतो आहे."

साहेबाने ते लिहून घेतले.

तीन दिवसांत झोपडी रिकामी करायची होती. चांगुणा एकदा माझ्या दाराशी आली. "तुमी एक सबूद सांगा ना, भाऊ," ती म्हणाली. मी आतून माझ्या बायकोला सांगायला लावले की घरी नाहीत.

पुढच्या पावसाळ्याआधी वाघिणी तिथून हलल्या. बागेतून खाडी पुन्हा दिसू लागली; नानांनी पेढे वाटले. मला कल्याणला बढती मिळाली, तिथेच मी पुढे हेडक्लार्क झालो आणि तिथेच पेन्शन घेतली. मात्र पुन्हा कधी घरी बसून नोंद लिहिली नाही. त्या दिवसापासून मी प्रत्येक वाघीण उघडून, आत चढून पाहिली, आणि चढताना दर वेळी पिशवी दारात अडकवून ठेवली. लोक मला फार चोख कारकून म्हणत.

पेन्शन झाल्यावर कंपनीला पत्र लिहिले, सगळे कबूल केले. उत्तर आले: जुने कागद पाहिले, आपण त्या दिवशी कामावर हजर होता असे रजिस्टरावरून दिसते, संबंधित इसमाने दारूच्या नशेत चूक झाल्याचे कबूल करून माफी मागितल्याची नोंद आहे, सबब प्रकरण पुन्हा उघडण्याचे कारण दिसत नाही. अक्षरे माझी नव्हती, पण त्या पत्रातले प्रत्येक वाक्य माझेच होते.

मग या माघात मी बाळकुमला गेलो.

गावाच्या खालच्या अंगाला मिठागरे आहेत. जोमा सहा वर्षांपूर्वी वारला होता, हे मला तिथे कळले. चांगुणा मिठाच्या ढिगापाशी पाट्या भरून देत होती. केस पांढरे, कंबर वाकलेली, पण मला लगेच ओळखले.

"कारकून," ती म्हणाली. हात थांबले नाहीत. "म्हातारे झालात."

मी कागद लिहून नेला होता, सहीनिशी. तो पुढे केला. तिने मिठाचे हात लुगड्याला पुसले, पण कागद घेतला नाही.

"मना वाचता येतं काय? आनि ज्यांना येतं ते कुठं इथं ऱ्हातात? इथं चार मानसं हायत, त्यांना सांगा. यांच्यासमोर लोक त्याला दारुडा बोलले. पोरीच्या लग्नात बोलले. तो मेला तवा खांदा द्यायला आलेले, ते पन बोलले — सायेबाच्या पायांवर पडला व्हता म्हनून."

मी तिथे, मिठाच्या ढिगाला पाठ लावून, उभा राहिलो. पंधरा-वीस माणसे जमली. मी सगळे सांगितले, वर लिहिले आहे तसे — घरचा अभ्यास, वाघीण, बाही, पाणी, साहेब. संपल्यावर एक म्हातारा पाटी उपडी घालून त्यावर बसला आणि म्हणाला, "ते सगळं ऱ्हाव दे. पन दिवसभर भायेर फिरत व्हता तो कोन?"

मला माहीत नाही. तेहेतीस वर्षे विचार केला. माझे एक वैद्य स्नेही म्हणतात, उन्हाचा झटका आला आणि सारे तुम्ही मनात पाहिले. मग सव्वीस नंबर कोणी लिहिले? उलट, मी खरोखर दिवसभर बाहेर होतो असे धरले, तर जोमाने कोणाला काढले? आणि सीलवर सात कसा, जेव्हा शिक्का माझ्या खांद्याला होता? मी ते त्या म्हाताऱ्याला सांगू लागलो, पण चांगुणेने हात वर केला.

"त्ये नाय विचारलं मी. मना दोनच सांगा. तो दारू प्याला व्हता?"

"नाही."

"माफी मागितली व्हती?"

"नाही. ते मी माझ्या पदरचे सांगितले."

तिने जमलेल्या माणसांकडे एकदा पाहिले, एकेकाच्या तोंडाकडे.

"आयकलं ना सगल्यांनी?" ती म्हणाली, आणि पुढची पाटी भरायला वाकली.